सदरेवरची भिंत

गेल्या काही वर्षांत आपल्या विट्याचे रूप झपाट्याने पालटले आहे. यंत्रमागांचा खडखडाट तोच आहे, दसऱ्याची पालख्यांची शर्यतही तीच आहे. पण गावात नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. बँका, पतसंस्था, सहकारी संघ, सरकारी कचेऱ्या, दवाखाने यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजू भरून गेल्या आहेत. २०२१ सालच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत विट्याने देशात पहिला क्रमांक मिळवला. गावाने आपले अंगण झाडून लख्ख केले ही गोष्ट लहान नव्हे. परंतु अंगण झाडून झाले की माणसाचे लक्ष ओसरीकडे जाते. आणि आपल्या या नव्या इमारतींच्या ओसरीकडे पाहिले की मन थोडे खट्टू होते.

ओसरी म्हणजे इमारतीत शिरल्याबरोबर लागणारा दर्शनी भाग, ज्याला आता सगळेच रिसेप्शन म्हणतात. कोणत्याही नव्या कचेरीत जा, देखावा एकच. खाली गुळगुळीत ग्रॅनाइट, वर पीओपीची नक्षी, कोपऱ्यात प्लॅस्टिकची झाडे, समोर काउंटर, त्याच्या मागे स्टीलच्या अक्षरांत संस्थेचे नाव, एका बाजूला उद्घाटकांच्या नावांची कोनशिला आणि उरलेल्या भिंतीवर धबधब्याचे किंवा कुठल्या तरी बर्फाळ डोंगराचे छापील चित्र. ज्या खानापूर तालुक्याच्या कित्येक पिढ्या आभाळाकडे डोळे लावून बसण्यात गेल्या, तेथे धबधबा! हेच चित्र लातुरात असते, नाशकात असते आणि चेन्नईतही असते. ज्या भिंतीवर ते चिकटवले आहे तिच्याशी त्याचे कसलेही नाते नसते.

मी काही चित्रकार नव्हे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, तेवढाच माझा रंगांशी संबंध. तरीही या विषयावर चार शब्द लिहावेत असे मनापासून वाटते, कारण या भिंतींकडे पाहत तासन्‌तास बसणाऱ्या माणसांपैकी मी एक आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : जेथे चार माणसे येऊन बसणार, त्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर काय असावे हे इमारतीचा नकाशा होतानाच ठरले पाहिजे. जे करायचे ते त्या जागेसाठी आणि तेथे येणाऱ्या माणसांसाठी मुद्दाम घडवून घेतले पाहिजे. आणि एकदा घडवल्यावर ते जपण्याची जबाबदारी संस्थेने लेखी पत्करली पाहिजे.

आपल्या भाषेत या जागेला फार चांगला शब्द आहे : सदर. वाड्याच्या आत मालकाचा संसार असे. पण सदर गावाची असे. तक्रार घेऊन आलेला, हिशेब द्यायला आलेला, नुसताच टेकलेला, असा प्रत्येक जण सदरेवर येई. म्हणून जुन्या लोकांनी दर्शनी भागावर हात राखून खर्च केला नाही. दारावर गणेशपट्टी कोरली, खांबांना कमळे काढली, भिंतींवर चित्रे रंगवली. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात अशी भिंतीवरची चित्रे आजही पाहायला मिळतात. ती विकत आणून टांगलेली नाहीत. त्याच भिंतीच्या गिलाव्यावर, तिच्याच मापाने ती रंगवली आहेत. वाडा वेगळा आणि चित्र वेगळे असा विचार त्या काळी कोणाच्या मनात आलाच नसावा. आज आपण इमारत आधी बांधतो आणि उद्घाटनाच्या आठवडाभर आधी ‘भिंत मोकळी दिसते, काहीतरी लावा’ असे कोणाला तरी सांगतो. सगळा घोटाळा येथेच होतो.

‘जागेसाठी घडवलेली कला’ असे म्हटले की ते काहीतरी पुस्तकी वाटते. प्रत्यक्षात ही अगदी व्यवहाराची गोष्ट आहे. बाकावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. उभ्या माणसाचा पाच-सव्वापाच फुटांवर. जेथे माणसे तासभर बसतात तेथे बारकावे असलेले काम शोभते. एकदा पाहून न संपणारे, दर वेळी काही नवे सापडावे असे. जेथे माणसे नुसती ये-जा करतात तेथे एका दृष्टिक्षेपात कळणारे मोठे आकार हवेत. दार पश्चिमेला असेल तर संध्याकाळचे ऊन समोरच्या भिंतीवर येते. तेथे काचेची चौकट लावली तर चित्र दिसत नाही, रस्त्यावरच्या मोटारी दिसतात. आपल्या गावात सुताचे तंतू आणि रस्त्याची धूळ हवेत असतेच, तेव्हा ओल्या फडक्याने पुसता येईल असे साहित्य हवे. कोपऱ्यात पिंका पडतात हेही लाज न बाळगता आधीच ध्यानात घ्यावे आणि खालचे तीन फूट दगडाचे ठेवावेत. रांग कोठून वळते, नोटीस-बोर्ड कोठे येणार, विजेची बटणे कोठे, हे सारे चित्रकाराला आधी कळले तरच त्याला त्या भिंतीचा विचार करता येईल. शिंप्याकडे माप देऊन सदरा शिवणे आणि बाजारातून तयार सदरा आणून अंगावर चढवणे, यांत जेवढा फरक, तेवढाच येथे आहे.

असे काम आपल्या देशात झालेले आहे आणि उत्तम झालेले आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिच्या इमारतीचे उद्घाटन १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. संस्थेचे संस्थापक डॉ. होमी भाभा शास्त्रज्ञ तर होतेच, पण स्वतः चित्रेही काढत. संस्थेच्या अंदाजपत्रकातील एक टक्का रक्कम कलाकृतींसाठी खर्च करण्याची परवानगी त्यांनी नेहरूंकडून मिळवली होती. प्रवेशकक्षातील मोठ्या भिंतीसाठी त्यांनी आधी थेट पिकासोकडे विचारणा करून पाहिली. जे. डी. बर्नाल या शास्त्रज्ञमित्रामार्फत त्यांनी हा प्रयत्न केला. ते जमले नाही. तेव्हा त्यांनी आपल्या देशातील चित्रकारांना त्या भिंतीसाठी आराखडे करायला सांगितले आणि त्यातून एम. एफ. हुसेन यांची निवड झाली. हे हुसेन जन्माने आपल्या शेजारच्या पंढरपूरचे आणि मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरलेले. सुमारे ४५ फूट लांब आणि ९ फूट उंच असे ‘भारत भाग्य विधाता’ नावाचे त्यांचे चित्र त्या भिंतीवर आले.

या हकिगतीत मला मोठी गोष्ट वाटते ती क्रमाची. पैसा आधी बाजूला काढला, भिंत आधी नेमली, मग चित्रकार शोधला. भाभांनी बाजारातून ४५ फुटांचे चित्र आणले नाही. तसे कोठे मिळतही नाही. मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या प्रवेशकक्षात तुम्हा-आम्हाला सहज जाता येत नाही. तेथे शास्त्रज्ञ जातात. उलट आपल्या गावच्या पतसंस्थेच्या सदरेवर मागवाला येतो, शेतमजूर बाई येते, पेन्शन घ्यायला म्हातारा येतो. सार्वजनिक हा शब्द अक्षरशः घ्यायचा तर आपली सदर कुलाब्याच्या सदरेहून अधिक सार्वजनिक आहे. मग तेथली भिंत अधिक विचाराने सजवायला नको काय?

बँकेच्या इमारतीचेच उदाहरण हवे असेल तर दिल्लीला रिझर्व्ह बँकेच्या दाराशी उभ्या असलेल्या यक्ष आणि यक्षी यांचे घ्या. मोठमोठ्या सार्वजनिक इमारती उभ्या राहत आहेत, तेव्हा त्यांत भारतीय कलावंतांना काम द्यावे, असा नेहरूंचा आग्रह होता. इमारतीच्या एकूण खर्चापुढे हा खर्च किरकोळ ठरेल असे त्यांचे म्हणणे. बँकेच्या दाराशी काय असावे याचा विचार झाला तेव्हा मुंबईचे कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांनी यक्ष आणि यक्षी सुचवले. यक्षांचा राजा कुबेर, म्हणजे धनाचा राखणदार. बँकेला याहून योग्य द्वारपाल कोण? काम शांतिनिकेतनच्या रामकिंकर बैज यांच्याकडे आले. त्यांनी जुन्या यक्षमूर्ती डोळ्यांपुढे ठेवल्या, पण यक्षाच्या हाती यंत्राचे दातेरी चाक दिले. यक्षी शेतीची समृद्धी दाखवते, यक्ष उद्योगाची. कांगडा खोऱ्यातून दगड आणावा लागला. काम दहा वर्षांहून अधिक लांबले आणि १९६७ च्या सुमारास पुरे झाले. यक्षीच्या अंगावर वस्त्र नाही म्हणून संसदेत प्रश्नही विचारला गेला. तरीही बँकेने मूर्ती हलवल्या नाहीत. चांगल्या कामाला वेळ लागतो आणि त्यावर टीका होते, या दोन्ही गोष्टी सोसायची तयारी ठेवूनच असे काम अंगावर घ्यावे लागते.

मुंबईच्या फोर्ट भागात न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स कंपनीची १९३६ ची इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतींवर एन. जी. पानसरे या शिल्पकाराने शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या स्त्रिया अशा कष्टकऱ्यांच्या उंच आकृती कोरल्या आहेत. विमा कंपनीच्या भिंतीवर संचालकांचे चेहरे नाहीत, राबणारी माणसे आहेत. ज्यांच्या घामावर देशाचा डोलारा उभा आहे त्यांनाच दर्शनी जागा दिली आहे. आपल्या पतसंस्थांनी हा धडा घेण्यासारखा आहे.

आता या नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिल्लीच्या विज्ञान भवनाच्या लॉबीसाठी केंद्र सरकारने १९५७ साली अमरनाथ सेहगल या शिल्पकाराकडून एक ब्राँझचे भित्तिशिल्प करवून घेतले. १४० फूट लांब आणि ४० फूट उंच अशा विस्ताराचे हे काम १९६२ साली पुरे झाले. भारताचे ग्रामीण आणि आधुनिक जीवन त्यात होते. १९७९ साली इमारतीची दुरुस्ती निघाली तेव्हा शिल्पकाराला एका शब्दाने न विचारता ते भिंतीवरून उतरवून कोठारात टाकण्यात आले. त्याची मोडतोड झाली, काही भाग गहाळ झाले. सेहगल १९९२ साली न्यायालयात गेले. निकाल लागायला २००५ साल उजाडले. दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाचा आधार घेऊन सांगितले की, कलाकृती विकत घेतली तरी तिची नासधूस करण्याचा हक्क मालकाला मिळत नाही. उरलेले अवशेष शिल्पकाराला परत द्यावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा हुकूम झाला. सेहगलांना न्याय मिळाला. पण भिंत रिकामी ती रिकामीच. १४० फुटांच्या शिल्पाचे तुकडे घरी आणून ते कोठे लावायचे? जागेसाठी घडवलेली वस्तू जागेवरून काढली की तिचा अर्धा प्राण जातो, ही गोष्ट या खटल्याने आपल्याला शिकवली.

अमेरिकेतला एक प्रसंग याच्या उलट बाजूचा आहे. न्यूयॉर्कमध्ये सरकारी कचेऱ्यांपुढच्या चौकात १९८१ साली रिचर्ड सेरा या शिल्पकाराने १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी वक्र पोलादी भिंत उभी केली. चौक ओलांडून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती रोज आडवी येऊ लागली. तक्रारी झाल्या, १९८५ साली जाहीर सुनावणी झाली. ‘हे शिल्प या जागेसाठीच आहे, ते हलवणे म्हणजे ते नष्ट करणे’ असे सेरांचे म्हणणे होते. अखेर १९८९ च्या मार्चमध्ये ते कापून हलवण्यात आले. या वादात मला दोन्ही पक्षांचे थोडे थोडे पटते. शिल्पकाराचे म्हणणे खरे होते; पण त्या चौकातून रोज जाणाऱ्या माणसाला आधी विश्वासात घ्यायला हवे होते, हेही तितकेच खरे. विज्ञान भवनात कलावंताला विचारले नाही, न्यूयॉर्कमध्ये लोकांना विचारले नाही. दोन्हीकडे भिंत गेली.

हे सारे मोठ्या शहरांचे झाले, विट्यासारख्या गावाला हे कसे परवडणार, असा प्रश्न कोणीही विचारील. ‘आधी रस्ते करा, पाणी द्या, मग चित्रे लावा’ हे वाक्य तर ठरलेलेच असते. टेंभू योजनेचे पाणी येईपर्यंत या भागाने काय सोसले ते मला ठाऊक आहे. त्या दुःखाची थट्टा मी करणार नाही. परंतु चित्र लावले नाही म्हणून वाचलेला पैसा रस्त्याकडे जातो का? तो ग्रॅनाइटकडे जातो, झुंबराकडे जातो, उद्घाटनाच्या मंडपाकडे आणि गावभर लागणाऱ्या फ्लेक्सकडे जातो. खर्च होतोच आहे. तो कशावर व्हावा एवढाच माझा प्रश्न आहे. फ्रान्समध्ये १९५१ पासून शाळांच्या इमारतींच्या खर्चातील एक टक्का कलेसाठी राखण्याचा नियम झाला. तोच हिशेब येथे मांडून पाहा. दोन कोटींची इमारत असेल तर एक टक्का म्हणजे दोन लाख रुपये. सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या तरुण चित्रकाराला किंवा शिल्पकाराला तेवढ्यात एक भिंत मनापासून करता येईल. आणि ती इमारतीइतकीच टिकेल.

दुसरा आक्षेप असा की आपल्या लोकांना कलेतले काही कळत नाही. हा आक्षेप ऐकला की मला राग येतो. आमच्या गल्लीतला मागवाला कापडावरून नुसती नजर फिरवून तुटलेला धागा दाखवतो. या खानापूर-आटपाडी भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी भारतभर पसरली आहेत. त्यांच्यातला जाणता माणूस कसोटीवरची रेघ पाहून सोन्याचा कस सांगतो. पिवळ्यातल्या पिवळ्यांतला फरक ज्याला कळतो त्याला रंग कळत नाही असे कोण म्हणेल? धनगराला घोंगडीचे विणकाम कळते, बायकांना लुगड्याच्या काठाची आणि पदराची पारख असते. नजर आहे. तिच्यापुढे ठेवण्यासारखे आपण काही ठेवत नाही, एवढेच.

आणि या मुलखाला कला परकी कधीच नव्हती. जवळच्याच औंधात भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय उभे केले. राजा रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंतची कामे तेथे आहेत. छोट्या संस्थानाच्या या राजाला, स्वतः चित्रकार असल्यामुळे, खेडुतांनी उत्तम तेच पाहावे असे वाटले. त्याच संस्थानाच्या आधाराने १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. रंगांधळेपणामुळे त्यांना तो नाद सोडावा लागला. नांगर करणारा माणूस मुळात चित्रकार व्हायला निघाला होता, हे आपण विसरू नये. फक्त संग्रहालयात मुद्दाम जावे लागते. रोजगार बुडवून किती जण जाणार? सदरेवर मात्र कामासाठी जावेच लागते. ज्याच्या आयुष्यात चित्रप्रदर्शन कधीच येणार नाही, त्याच्या आयुष्यात बँकेची भिंत महिन्यातून दोनदा येते.

तिसरी अडचण नाजूक आहे. भिंत मोकळी दिसली की कोणाचा तरी फोटो किंवा पुतळा पुढे येतो. थोर पुरुषांच्या प्रतिमा कचेरीत असाव्यात, त्यांना हार घातले जावेत, याविषयी माझे दुमत नाही. त्यांची जागा मानाची आहे आणि ती वेगळी ठेवावी. पण दर्शनी भिंत संस्थापकांच्या आणि माजी अध्यक्षांच्या फोटोंनीच भरली, की तेथे येणाऱ्या माणसाला ‘हे घर दुसऱ्याचे आहे’ एवढाच निरोप मिळतो.

मग करावे कसे? मला सुचते ते लिहितो. पहिली गोष्ट, नकाशा मंजूर होतानाच एक टक्का रक्कम वेगळी लिहावी, म्हणजे अखेरीस फरशीचा खर्च वाढला म्हणून ती कापली जाणार नाही. दुसरी, स्थापत्यकार आणि कलावंत यांना पहिल्या महिन्यातच एकत्र बसवावे. तिसरी, सांगली, सातारा, कोल्हापूर भागातील तीन-चार कलावंतांना छोटा नमुना करायला सांगावा आणि निवड होवो न होवो, प्रत्येकाला नमुन्याचे मानधन द्यावे. कलावंताने फुकट काम करावे, ‘तुमचे नाव होईल’ यावर समाधान मानावे, ही आपल्याकडची रीत वाईट आहे. गवंड्याला आपण असे सांगत नाही. चौथी, हे नमुने आठ दिवस लोकांपुढे मांडावेत आणि खातेदार, कर्मचारी, शिपाई या सर्वांचे म्हणणे ऐकावे. निवड मात्र जाणत्यांच्या छोट्या समितीने करावी; त्यात बाहेरचे दोन कलावंत असावेत आणि संचालकांचे नातेवाईक नसावेत. पाचवी गोष्ट लेखी कराराची. पैसे किती हप्त्यांत मिळणार, कामावर कलावंताचे नाव असणार, सफाई कोणी आणि कशी करायची, त्यावर नोटिसा आणि फ्लेक्स लावायचे नाहीत, आणि पुढे इमारत बदलायची वेळ आली तर कलावंताला आधी कळवायचे, हे सारे कागदावर असावे. सेहगलांना तेरा वर्षे कोर्टात काढावी लागली. असा एक कागद असता तर कदाचित ती वेळ आली नसती.

भिंतीवर काय काढावे हे मी सांगणार नाही. तो कलावंताचा अधिकार आहे. फक्त एका गोष्टीची भीती वाटते. विट्याची कला म्हटले की उद्या कोणी एक धोटा आणि दोन कांड्या सोनेरी रंगवून भिंतीला ठोकतील आणि म्हणतील, झाले! वस्तू गावची असली म्हणून काम त्या जागेचे होत नाही. त्या जागेची गरज ओळखावी लागते. उदाहरण देतो. आपल्या नव्या सभागृहांसारख्या सदरांमध्ये गुळगुळीत फरशी आणि उंच छत यांमुळे आवाज घुमतो. काउंटरवरून पुकारलेले नाव मागे बसलेल्या म्हाताऱ्याला कळत नाही. तेथे माणदेशी लोकरीचे जाड विणलेले मोठे भित्तिवस्त्र कोणी करवून घेतले, तर आवाज शोषला जाईल, धनगर विणकराला काम मिळेल आणि काळ्या-करड्या लोकरीतून एखादा जाणता कलावंत असे काही उभे करील की बसलेल्या माणसाची नजर तेथे रमेल. धूळ झटकण्यासाठी वर्षातून दोनदा ते उतरवावे लागेल, एवढेच. गलाईवाल्यांच्या एखाद्या संस्थेत, गावापासून शेकडो कोसांवर भट्टीपाशी आयुष्य काढलेल्या माणसांची आठवण कोणाला मुशीच्या मातीतून घडवता येईल. हे माझे नुसते तर्क आहेत. खरा कलावंत त्या बाकावर दोन दिवस बसून पाहील आणि मला न सुचलेले काही करील. त्याने तसे बसून पाहावे, एवढ्यासाठीच त्याला आधी बोलवायचे.

या कामात विद्यार्थ्यांनाही जागा आहे. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिले तेव्हा त्याच्या दगडी पानाफुलांचे, पशुपक्ष्यांचे पुष्कळसे काम बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केले. ती मुले आज कोणाला ठाऊक नाहीत. पण रोज लाखो माणसे त्यांच्या कामाखालून जातात. आपल्या भागातली अशी मुले दरवर्षी चित्रकलेची पदविका घेऊन बाहेर पडतात आणि फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर वाढदिवसाच्या शुभेच्छा जुळवत बसतात. त्यांच्या हातात कसब आहे. त्यांना लागते ती फक्त एक भिंत, आणि ती आपल्याकडे आहे.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या बँकेत लागतील, काही पतसंस्थांचे सभासद होतील, एखादा नगरसेवकही होईल. तेव्हा कधीतरी एखाद्या नव्या इमारतीचा नकाशा तुमच्यापुढे येईल. त्यात अध्यक्षांची खोली कोठे, तिजोरी कोठे, गाड्या कोठे उभ्या राहणार हे सारे आखलेले असेल. त्या वेळी एवढेच विचारा की, नंबर लागेपर्यंत वाट पाहणारा माणूस कोठे बसणार आहे आणि बसल्यावर त्याला समोर काय दिसणार आहे. एवढ्या प्रश्नाचे उत्तर नकाशावर आले, तरी पुष्कळ झाले असे मी समजेन.